तीन नवे टायर आणि एक न वापरलेली स्टेपनी

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि सूचना नवरा देतो. तरुणपणी त्यांनी गाडी शिकायला सुरुवात केली होती, पण पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्यालाच चार गोष्टी शिकवून ते घरी आले आणि तो विषय मिटला. तेव्हापासून ब्रेक कुठे दाबावा, गिअर कधी बदलावा आणि पुढचा रिक्षावाला कोणत्या मनःस्थितीत आहे, हे ते मला शेजारून सांगत आले आहेत.

मग हायब्रिड गाडी आली आणि त्यांच्या आयुष्याला नवा अर्थ मिळाला. गाडी माझ्या पुतण्याची. तो परदेशी निघाला तेव्हा ती आम्ही घेतली. ही थोडी पेट्रोलवर चालते, थोडी बॅटरीवर, आणि सिग्नलला उभी राहिली की इतकी गप्प होते की ती बंद पडली असं समजून मागचे लोक हॉर्न वाजवायला लागतात. पण यांना भुरळ पडली ती समोरच्या स्क्रीनची. बाण इंजिनाकडून चाकाकडे जातात, चाकाकडून बॅटरीकडे येतात आणि खाली अॅव्हरेजचा आकडा हलत असतो. हा आकडा हे क्रिकेटच्या धावफलकासारखा मोठ्याने वाचतात. वाढला की माझ्या पाठीवर शाबासकी, कमी झाला की उसासा. "अगं, किती जोरात निघालीस! घसरला बघ." आणि तो आकडा सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मित्रमंडळींत सांगायचा असल्यामुळे माझ्या पायाखालच्या पेडलवर यांची अब्रू अवलंबून असते.

दर रविवारी सकाळी मी लोणी काळभोरला जाऊन माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, पुण्यात घेऊन येते. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघी कसबा पेठेत वाढलो. तिला लोणीत बागायतदारांकडे दिली. आता तिचे यजमान नाहीत, शेती मुलगा बघतो. कसब्यातली ताई तिथे नांदून नांदून 'आहे'चं 'हाय' करून बसली आहे. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बसची पायरी तिला चढवत नाही. म्हणून मी आणते, दुपारी आमच्याकडे जेवण होतं, आणि ऊन उतरलं की आम्ही दोघी कसब्यात जातो. करत काहीच नाही. हळूहळू चालतो. आमचं घर होतं तिथे आता सात मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलचं दुकान आहे. पण बोळ तेच आहेत. इथे अमकी पडली होती, इथे तमक्याने आपल्याला चिंचा दिल्या होत्या, असं ताई सांगत जाते आणि मी ऐकत जाते. आई-वडील गेले, घर गेलं. ताई शेजारून चालत असली की मला माहेर आहे, नसली की नाही. इतकं ते साधं आहे.

त्या रविवारी आषाढाची झिमझिम होती. पुण्याचा पाऊस धड भिजवतही नाही आणि कोरडंही राहू देत नाही. ताई माझ्या शेजारी, हे मागच्या सीटवर. ताई असली की यांना मागे जावं लागतं, मग दोन सीटांच्या मधून मान पुढे काढून ते स्क्रीन वाचतात. हडपसर जवळ आलं तशी डावीकडून एक रिक्षा अचानक आत शिरली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायला हवी होती, ती थांबली नाही. आवाज नाही, धक्का नाही, कसलीही तक्रार न करता ती ओल्या रस्त्यावरून तिरकी तिरकी सरकत गेली आणि मार्केट यार्डाकडे फ्लॉवर घेऊन निघालेल्या एका टेम्पोपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

कोणाला काही झालं नाही. टेम्पोवाला खाली उतरला, आमच्या बंपरकडे बघितलं, त्याच्या टेम्पोकडे बघितलं आणि काच खाली करायची खूण केली.

"काकू, फ्लॉवर पायजे व्हता तर मागायचा की," तो म्हणाला.

मागून यांचा आवाज आला, "बावीसवर होता गं. एकदम अठरावर आला."

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जेवताना ताईने अर्धीच पोळी खाल्ली, आणि कसब्यात न जाता "जरा पडते" म्हणून आडवी झाली. संध्याकाळी मी तिला सोडायला गेले तेव्हाही ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

पुढच्या रविवारी निघण्याआधी फोन केला तर म्हणाली, "आज नको गं, पावणे येणार हायत." त्याच्या पुढच्या रविवारी म्हैस व्यायला आली होती. त्याच्याही पुढच्या रविवारी म्हैस व्यायलाच आलेली होती. एवढे दिवस अडून बसलेली म्हैस मी ऐकली नव्हती. चौथ्या रविवारी मी विचारलं, "म्हैस कशी आहे?" तर ती म्हणाली, "कोणची म्हैस?"

तेव्हा मला कळलं, की ताई घाबरली आहे. आणि ती तोंडाने कधी कबूल करणार नाही. विहिरीत पोहायला उडी मारणारी, सासरी बैलगाडी हाकलेली बाई ती. धाकट्या बहिणीच्या गाडीत बसायची भीती वाटते, हे ती कसं सांगेल? मला रडू आलं आणि रागही आला. राग कोणावर काढावा हे कळेना, म्हणून मी खाली पार्किंगमध्ये जाऊन चष्मा लावला आणि टायरसमोर उकिडवी बसले.

टायरवर नक्षी भरपूर होती. गाडी फारशी फिरलेलीच नव्हती. पण कडेला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, टाचेला पडतात तशा, आणि नख रुतवून बघितलं तर नखच दुखलं. टायर गाडीइतकेच जुने होते. मी वर येऊन जाहीर केलं, "टायर बदलायचे."

"अगं, नक्षी शाबूत आहे!" हे म्हणाले. त्यांनी लगेच खाली जाऊन खाचेत एक नाणं उभं करून दाखवलं. नाणं बऱ्यापैकी आत गेलं. "बघ. अजून निम्मं आयुष्य बाकी आहे. कशाला फेकायचे?"

पुण्यात एखादी वस्तू दिसायला धड असेल तर ती टाकून देणं म्हणजे पाप. आमच्या माळ्यावर एक टेबलफॅन आहे. तो फिरत नाही, पण दिसायला धड आहे.

मी म्हटलं, "टायर बदलल्याशिवाय ताई यायची नाही." तेव्हा ते जरा विरघळले. ताईवर त्यांचा जीव आहे, कारण त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारी ती एकमेव व्यक्ती आहे. "ठीक आहे," ते म्हणाले, "पण घाई नको. विचारून घेऊ."

विचारून घेणं म्हणजे टेकडी. तिथल्या बाकावर रोज सकाळी निवृत्त इंजिनिअर, निवृत्त डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक असे सगळे कामातून निवृत्त आणि मतांतून अजिबात निवृत्त न झालेले लोक बसतात. इंजिनिअर म्हणाले, हायब्रिडला बॅटरीचं वजन असतं, दणकट टायर घ्या. डॉक्टर म्हणाले, हायब्रिड घेतली कशाला, अॅव्हरेजसाठीच ना? मग हलका फिरणारा, पेट्रोल वाचवणारा टायर घ्या, नाहीतर साधीच गाडी काय वाईट होती. प्राध्यापकांचं म्हणणं पडलं, की ही गाडी मुळात आवाज करत नाही, त्यामुळे टायर गुणगुणायला लागला की डोकं उठतं, तेव्हा मुका टायर घ्या. एकांनी टायरमध्ये नायट्रोजन भरायला सांगितलं. एकांनी हवा सोडायला सांगितली. रोज हे नवं मत घेऊन घरी येत आणि रोज आदल्या दिवशीचं मत बाद होत असे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. आमची गाडी रिकामी उभी होती, पाऊस चालू होता आणि रविवार जात होते.

शेवटी एका सकाळी ते टेकडीवरून उजळलेल्या चेहऱ्याने आले.

"तीनच घ्यायचे," ते म्हणाले.

"काय तीन?"

"टायर. आपल्याकडे एक नवाकोरा आहेच की! स्टेपनी. डिकीत पडून आहे, एकदाही रस्त्याला लागलेली नाही. तीन नवे आणले की झाले चार. जुन्यातला बरा असेल तो स्टेपनीच्या जागी."

हा शोध त्यांचा स्वतःचा होता आणि सबंध बाकाने तो एकमताने मंजूर केला होता. टेकडीच्या इतिहासात एकमत झाल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

मी म्हटलं, "अहो, ती स्टेपनीही गाडीबरोबरच आलेली आहे. तितकीच जुनी."

"जुनी कशी? वापरलेलीच नाही!"

मी स्वयंपाकघरात जाऊन खालचा ड्रॉवर उघडला. त्यात कुकरची एक रबरी रिंग होती, पुठ्ठ्यासकट. कधीतरी एकीवर एक फुकट मिळाली म्हणून यांनीच आणलेली आणि "राहू दे, लागेल" म्हणून जपून ठेवलेली. ती कुकरला लावली, डाळ-तांदूळ चढवले आणि यांना ओट्यापाशी खुर्ची देऊन बसवलं.

शिट्टी काही होईना. झाकणाच्या चहूबाजूंनी वाफ फुसफुसत होती, पाणी गॅसवर गळत होतं. थोड्या वेळाने मी झाकण काढलं. डाळ टणटणीत. रिंग बाहेर काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती जरा ताणली आणि ती तुटली.

"नवीकोरी होती," मी म्हटलं. "एकदाही वापरली नव्हती."

त्यांनी तुकडे जुळवून बघितले. मग म्हणाले, "कुकरचं वेगळं. त्याला उष्णता लागते."

"ही आज पहिल्यांदा गॅसवर चढली. तोवर ड्रॉवरात होती."

"टायरचं रबर वेगळ्या प्रतीचं असतं."

पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवशी आम्ही भाकरी आणि पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेपनी बाहेर काढली. डिकीतल्या छत्र्या, जुने पेपर आणि कुठल्याशा लग्नाचा नारळ हे सगळं काढल्यावर ती खालच्या खळग्यात सापडली. हे आणि इंजिनिअर अशा दोघांनी मिळून ती उचलली. यांनी तिला साबणाने धुतलं, पंचाने पुसलं आणि मी नाही नाही म्हणत असताना खोबरेल तेलाचा हात फिरवला. स्टेपनी अशी चमकायला लागली की मुंजीला बसवावी. मग कौतुकाने ती गाडीच्या पुढच्या चाकाशेजारी उभी केली.

ती बुटकी होती. अंगानेही किडकिडीत. बाकीच्या चाकांच्या पंगतीत ती चुकून आलेल्या लहान मुलासारखी दिसत होती. तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत सूचना छापली होती, की ही फक्त तात्पुरती, हळू चालवण्यापुरती. तेलाने ती सूचनाही छान उजळली होती.

इंजिनिअर म्हणाले, "हं." मग त्यांना काहीतरी काम आठवलं आणि ते गेले.

"अहो," मी म्हटलं, "आता तरी चला."

मार्केट यार्डाच्या बाजूला एक टायरचं दुकान आहे. मालक काउंटरमागे पेपर वाचत बसले होते. यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "हायब्रिड गाडीसाठी सर्वोत्तम टायर कोणता?"

मालकांनी पेपरावरून नजर न काढता सांगितलं, "सगळे गोलच आहेत."

"नाही, म्हणजे अॅव्हरेजही टिकलं पाहिजे, आवाजही नको, पावसात पकडही हवी, आणि झिजायलाही नको."

"मग गाडी घरी ठेवा," मालक म्हणाले. "चारही होतील."

मला हा माणूस आवडला. मी पुढे झाले. "पावसात ब्रेक दाबला की थांबली पाहिजे. बाकी काहीही चालेल."

त्यांनी पेपरची घडी घातली. दोन टायर समोर आणले. एक पेट्रोल वाचवणारा, तो अंगठ्याला टणक लागत होता आणि खाचा उथळ होत्या. दुसरा मऊ, त्यात पाणी बाहेर फेकायला चांगले रुंद पाट काढलेले. याने अॅव्हरेज थोडं उतरेल, आवाज थोडा वाढेल आणि हा लवकर झिजेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकताना यांचा चेहरा बघवत नव्हता. पाठवणीला निघालेल्या मुलीकडे बघावं तसे ते पहिल्या टायरकडे बघत होते.

"दोन असे, दोन तसे?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "आपण ठरवा," ते म्हणाले.

मी दुसऱ्यावर हात ठेवला. "हे. चार."

टायर कोणत्या आठवड्यात तयार झाला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, ते मी चष्मा पुसून चारही टायरांवर वाचलं. मालक म्हणाले, "शिळे विकत नाही आम्ही." मी म्हटलं, "आम्ही विकत घेतो, म्हणून बघते." ते पहिल्यांदा हसले.

घरी येताना आकडा उतरला. यांनी तो वाचला नाही. रात्री ते घरात सुतक असल्यासारखे जेवले. दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले.

रविवारी सकाळी मी त्यांना सांगितलं, "आज मी एकटी जाते." आणि ताईला फोन न करता निघाले. फोन केला असता तर म्हैस पुन्हा अडली असती.

पाऊस चांगला धरला होता. मी पोचले तेव्हा म्हैस गोठ्याच्या दारात उभी होती आणि तिच्या पोटात वैरणीशिवाय काही असेल असं वाटत नव्हतं. ताई पडवीत लसूण सोलत बसली होती. मला बघून तिने आधी आनंदाने हात वर केला आणि मग पाहुण्यांची आठवण होऊन खाली घेतला.

"कुठं आहेत पाहुणे?" मी विचारलं.

"गेले," ती म्हणाली. "आत्ताच."

मी छत्री उघडली, तिला हाताला धरून गाडीपाशी आणलं आणि एकेक चाक दाखवलं. खाचा दाखवल्या, त्यातून पाणी कसं जातं ते सांगितलं, आठवडा वाचून दाखवला. मी इतकं बोलत होते की मला माझ्या नवऱ्याचा भास झाला. ताईने वाकून टायरवर अंगठा दाबला.

"चांगले हायत," ती म्हणाली.

"मग चल की आता. भिऊ नकोस."

ताई सरळ उभी राहिली. "मी टायरला भिऊन न्हाई थांबले गं."

"मग?"

"त्या दिवशी तू ब्रेक दाबलास, तवा हात आडवा घातलास माझ्यापुढं. आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. अजिबात नाही. मला फक्त फ्लॉवर आठवत होता.

"एका हातानं स्टिअरिंग धरलंस आणि दुसरा माझ्या छातीवर असा. लहान पोराला धरत्यात तसा." तिने दाखवलं. "आगं, तुला सायकल शिकवताना मागून मी धरायची. शाळेत न्यायची तर रस्ता वलांडताना मी धरायची. रस्त्यात कायबी आलं की तुझ्यापुढं हात माझा. आणि त्या दिवशी तुझा हात आला. मला वाटलं, संपलं. आता आपण धरायच्या माणसांत गेलो." ती छत्रीबाहेर बघत होती. "म्हणून मग येऊच वाटंना."

मी एवढे दिवस नक्षी, रबर, पाट आणि पकड यांच्यामागे होते. टेकडी, कुकर आणि दुकान पालथं घातलं होतं. काही सुचलं नाही की मला राग येतो.

"मग काय तुझं डोकं काचेवर आपटू द्यायचं होतं?" मी ओरडले.

"आपटू द्यायचं," ताईही ओरडली. "माझं डोकं हाय!"

म्हैस दचकली. आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आम्ही हसत होतो. गोठ्यातून तिचा मुलगा बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेला. ताईने लसणाच्या टरफलांचे हात धुतले, बरं लुगडं नेसली, आणि माझा हात न घेता, दार धरून, जरा वेळ लावून पण स्वतःची स्वतः गाडीत बसली. मी मदत केली नाही. फार अवघड गेलं.

आम्ही हडपसरपर्यंत आलो. नवे टायर खालून एकसारखे गुणगुणत होते. रस्ता भरून पाणी वाहत होतं. एका दुकानातून एक माणूस डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन, इकडे तिकडे न बघता, थेट आमच्यासमोर धावत आला.

या वेळी मी दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळून धरले. मनात ठरवलं होतं तसं. ब्रेक दाबला आणि गाडी जिथल्या तिथे उभी राहिली.

आणि माझ्या छातीवर एक हात आडवा येऊन आदळला, बांगड्यांसकट. ताईचा. ती समोर बघत होती, आपण काय केलं हे तिला कळलेलंही नव्हतं. बांगड्या गळ्याच्या हाडात रुतत होत्या. तो माणूस पलीकडे पोचला, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, तरी तिचा हात तिथेच होता, आणि मी गाडी पुढे घेतली नाही.